‘कळवतो’ म्हणाले आणि नकार आला: दुसरी संधी मिळवायला कोणती सेवा किती उपयोगी

मुलाखत बरी झाली, ‘कळवतो’ म्हणाले, आणि आठवड्याभराने दोन ओळींचा मेल आला. कधी तोही आला नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी मुलामुलींना यात आणखी एक गुंता सोडवावा लागतो. नोकरी बेळगावातल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली असते, हत्तरगीच्या एसईझेडमधली (विशेष आर्थिक क्षेत्रातली) असते, कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावातली, गोव्यात वेर्ण्याची नाहीतर पुण्याची. ठिकाण बदललं की भरतीची रीत बदलते आणि नकारानंतर कोणाला, कसं गाठायचं तेही बदलतं. म्हणून इथे रोजच्या वापरातल्या सेवा एकाच कसोटीवर तपासल्या आहेत: जिथे नकार मिळाला तिथेच, किंवा त्याच तोडीच्या दुसऱ्या जागी, पुन्हा बोलावणं येण्यासाठी त्या किती कामाला येतात?

पहिल्यांदा अर्ज करताना पोर्टल लागतं, पण दुसऱ्यांदा बोलावतो तो माणूस. ज्यांनी समोर बसून अर्धा तास प्रश्न विचारले, त्यांनी तुम्हाला जोखलेलं असतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर कोण होतं हे त्यांनाच माहीत असतं. जी सेवा तुम्हाला त्या माणसापर्यंत योग्य वेळी पोहोचवते ती चांगली. बाकीच्या सेवांचा उपयोग आहे, पण तो वेगळा.

योग्य वेळ म्हणजे तीन वेळा: नकारानंतरचे पहिले दोन दिवस, निवडलेला उमेदवार रुजू व्हायचा सुमार, आणि पुन्हा अर्ज करायची कंपनीची मुदत संपते तो दिवस.

जीमेल

या कामासाठी सगळ्यांत उपयोगी सेवा हीच, आणि ती फुकट आहे. लोक तिचा वापर फक्त बायोडेटा पाठवण्यापुरता करतात, ही खरी अडचण आहे.

नकाराचा मेल आला की २४ ते ४८ तासांत उत्तर द्यावं. नवा मेल काढू नये. मुलाखतीचं बोलावणं ज्या मेलमध्ये आलं होतं त्याच साखळीत ‘रिप्लाय’ करावा. एचआरकडे एकाच पदाची वीस-पंचवीस नावं असतात. जुन्या साखळीत उत्तर गेलं की पद, तारीख, बायोडेटा सगळं एका जागी दिसतं. नवा विषय टाकून पाठवलेला मेल अनोळखी अर्जांच्या ढिगात जातो. नकार ‘नो-रिप्लाय’ पत्त्यावरून आला असेल तर त्याला उत्तर देऊन उपयोग नाही, ते कोणी वाचत नाही. मुलाखतीची वेळ ज्यांनी कळवली त्यांच्या पत्त्यावर लिहायचं.

मजकूर पाच-सहा वाक्यांच्या पुढे जाऊ नये. साधारण असा:

“नमस्कार मॅडम, निर्णय कळवल्याबद्दल आभार. मंगळवारच्या मुलाखतीत क्वालिटी इन्स्पेक्टरच्या कामाची आणि तुमच्याकडच्या तपासणीच्या पद्धतीची नीट कल्पना आली. पुढच्या तयारीसाठी एकच विचारायचं होतं: माझी कोणती एक बाजू कमी पडली हे सांगता आलं तर मी त्यावर मेहनत घेईन. हे किंवा यासारखं पद पुन्हा रिकामं झालं तर माझा विचार व्हावा ही विनंती. मी १५ दिवसांत रुजू होऊ शकतो.”

खाली पूर्ण नाव, पदाचं नाव, मोबाइल नंबर. पुण्यात किंवा कोल्हापुरात पाठवत असाल तर आणखी एक वाक्य घालावं: ‘राहण्याची सोय झालेली आहे.’ बेळगावचा पत्ता बघून तिकडच्या एचआरच्या मनात पहिली शंका हीच येते की हा मुलगा दोन महिन्यांत घरी परत जाईल.

इंग्रजीत लिहायचं असेल तर हेच मुद्दे, हाच क्रम. ‘कोणती एक बाजू’ हे शब्द मुद्दाम आहेत. ‘मला का घेतलं नाही?’ असं विचारलं की समोरच्याला आपल्या निर्णयाचं समर्थन करावं लागतं आणि बहुतेक जण अशा वेळी उत्तरच देत नाहीत. एकच बाजू विचारली की एका ओळीत सांगता येतं: ‘एक्सेल कमी पडलं’, ‘ड्रॉइंग वाचन कच्चं आहे’, ‘पगाराची अपेक्षा जास्त होती’. यातली शेवटची ओळ आली तर ती चांगली बातमी आहे. काम येतं, आकड्यावर अडलं, एवढाच तिचा अर्थ.

घरच्या अडचणी या मेलमध्ये लिहू नयेत. वडिलांचं आजारपण, शेतीचं नुकसान, कर्ज, सगळं खरं असतं, पण वाचणाऱ्याच्या हातात त्यावर काही नसतं. तो अवघडतो आणि मेल बंद करतो.

रात्री एक वाजता, मन कडू असताना लिहिलेला मेल लगेच पाठवू नये. फोनवर मजकूर लिहून झाला की वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर दाबा, ‘शेड्यूल सेंड’ निवडा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ-दहाची वेळ द्या. मेल ‘शेड्यूल्ड’ नावाच्या कप्प्यात थांबतो. सकाळी उठून वाचायचा, तिखट वाक्य काढायचं, नाहीतर पाठवणंच रद्द करायचं. ठरल्या वेळी तो सर्व्हरवरून जातो, फोन बंद असला तरी. दोन महिन्यांनंतरचा मेल मात्र असा आधीच लावून ठेवू नये. मधल्या काळात त्यांनीच फोन केलेला असतो किंवा तुम्ही दुसरीकडे रुजू झालेले असता आणि हा विसरलेला मेल जाऊन घोटाळा होतो. त्यासाठी कॅलेंडरमध्ये आठवण लावावी आणि मेल त्या दिवशी ताजा लिहावा.

दुसरा मेल कधी

हा हिशेब फार थोडे जण करतात, आणि दुसरी संधी बहुतेक वेळा इथेच असते. निवड झालेला उमेदवार आधी कुठेतरी नोकरीत असेल तर त्याचा नोटीस पिरियड ३० ते ९० दिवसांचा असतो. त्या काळात त्याची जुनी कंपनी पगार वाढवून त्याला थांबवते, नाहीतर हातातलं ऑफर लेटर दाखवून तो तिसरीकडे जास्त पगार मिळवतो. रुजू व्हायच्या दिवशी तो येत नाही. मग एचआरपुढे दोन वाटा असतात: पुन्हा जाहिरात, पुन्हा चाळणी, पुन्हा मुलाखती, किंवा आधीच तपासलेल्या दुसऱ्या उमेदवाराला फोन. नेमकं त्या आठवड्यात तुमचं नाव मेलमध्ये वर दिसलं तर काम सोपं होतं.

त्यासाठी मुलाखतीच्या शेवटी ‘काही विचारायचं आहे का?’ असं म्हणतात तेव्हा विचारून ठेवायचं: “हे पद कधीपर्यंत भरायचं आहे?” उत्तर ‘लगेच’ असेल तर दुसरा मेल तीन ते पाच आठवड्यांनी. ‘दोन-तीन महिन्यांत’ म्हणाले तर एक ६० दिवसांच्या आसपास आणि एक ९० च्या आसपास. त्यात तीन ओळी पुरतात, पण एक ओळ नवीन हवी: मधल्या काळात काय शिकलं, कुठलं नवं काम केलं. ‘काही झालं का सर?’ एवढाच मेल असेल तर तो तगादा वाटतो.

अनेक आयटी कंपन्यांत नाकारलेल्या उमेदवाराला सहा महिने पुन्हा अर्ज करता येत नाही. काहींत मुदत कमी-जास्त असते, ती कंपनीच्या करिअर पानावर पाहावी. मुदतीआधी अर्ज केला तर तो माणसासमोर न येताच बाजूला पडू शकतो.

लिंक्डइन

मोफत खातं पुरेसं आहे. मोठ्या कंपन्या, आयटी, बँकिंग, विमा, शाळा-कॉलेजातली प्रशासकीय पदं यांसाठी मुलाखत घेणाऱ्याशी धागा टिकवायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

मुलाखत घेणाऱ्याला ‘कनेक्ट’ पाठवताना सोबत चिठ्ठी जोडावी. मोफत खात्यात ती २०० अक्षरांची असते आणि महिन्याला अशा थोड्याच चिठ्ठ्या पाठवता येतात, म्हणून त्या ओळखीच्या-पाळखीच्या लोकांवर खर्चू नयेत. “सर, १२ तारखेला तुमच्याकडे अकाउंट्सची मुलाखत दिली होती. निवड झाली नाही, पण जीएसटीबद्दलची चर्चा उपयोगी पडली. संपर्कात राहायला आवडेल.” एवढं बसतं. चिठ्ठीत नोकरी मागू नये. त्यांनी विनंती स्वीकारली की पुढे थेट निरोप पाठवता येतो, आणि तीच या सेवेची खरी किंमत आहे. विनंती मागे घेतली तर त्याच व्यक्तीला पुन्हा पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. चूक सुधारायला म्हणून घाईने मागे घेऊ नका.

‘ओपन टू वर्क’मध्ये दोन पर्याय आहेत. एकात हिरवी चौकट सगळ्यांना दिसते, दुसऱ्यात फक्त भरती करणाऱ्यांना. सध्या नोकरीत असाल तर दुसरा घ्यावा. तुमच्याच कंपनीच्या भरतीवाल्यांपासून ते लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण पक्की हमी देत नाही. बेळगावसारख्या शहरात, जिथे एका कंपनीचा एचआर दुसरीच्या एचआरच्या रोजच्या बोलण्यातला असतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

आणखी एक बारीक गोष्ट. नकारानंतर मुलाखत घेणाऱ्याचं प्रोफाइल लोक दिवसातून चारदा उघडतात, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये कोणी पाहिलं हे समोरच्याला कळतं. निवड कोणाची झाली ते शोधायची ओढही तशीच. सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट मोड’ आहे, पण त्याहून बरं म्हणजे बघणंच थांबवावं. त्या शोधातून हाती काही लागत नाही आणि पुढचा अर्ज लांबतो.

गावाचं नाव दोन्ही स्पेलिंगांत लिहावं. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी झालं, तरी पुण्या-मुंबईचे भरतीवाले शोधताना अजून जुनंच स्पेलिंग टाकतात. ‘माझ्याविषयी’ या भागात एका वाक्यात दोन्ही बसवता येतात. भाषांच्या रकान्यातही नेमकेपणा हवा: मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि कन्नड जेवढं येतं तेवढं. ‘कन्नड: बोलता येतं, वाचायचा सराव सुरू’ असं लिहिलेलं चालतं. नुसतं ‘कन्नड’ लिहून मुलाखतीत अडखळलं तर बाकीच्या बायोडेटावरचाही विश्वास जातो. काउंटरवरच्या आणि फील्डवरच्या कामांत इथे नकाराचं हे एक नेहमीचं कारण आहे, आणि ते काही महिन्यांच्या सरावाने दूर होणारं आहे.

प्रीमियम घ्यावं का? दुसऱ्या संधीसाठी, आमच्या मते, नाही. करिअर प्लॅनमध्ये महिन्याला पाच इनमेल मिळतात, म्हणजे ओळख नसलेल्यांना निरोप. तुम्हाला ज्यांना गाठायचंय ते तुम्हाला भेटलेले आहेत. फुकटचा महिना घेतलाच तर संपायच्या किमान एक दिवस आधी रद्द करा, नाहीतर पैसे कापले जातात.

उद्यमबाग, मच्छे, होनगा: इथे पोर्टल चालत नाही

फाउंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिक्सचे छोटे कारखाने यांची भरती गेटवरच्या बोर्डवर, व्हॉट्सअपवर आणि ‘कोणी पोरगा आहे का?’ या विचारण्यावर चालते. लिंक्डइनवर कितीही सुरेख प्रोफाइल असलं तरी मालक ते बघत नाही. इथे मुलाखतीपेक्षा ट्रायल, म्हणजे प्रत्यक्ष काम करून दाखवणं, मोठी. नकारही ट्रायलवरच होतो, म्हणून त्याचं कारण बहुतेक वेळा स्पष्ट असतं.

इन्स्पेक्शनच्या ट्रायलमधला नेहमीचा प्रकार बघा. हातात एक जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेला सुटा भाग, देतात, ड्रॉइंगवर बोअर (भोक) २५ एच७ लिहिलेला असतो, आणि ‘मोजून सांग’ म्हणतात. टेबलावर व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज सगळं मांडलेलं असतं. मुलगा व्हर्नियर उचलतो आणि तिथेच ट्रायल संपते. २५ मिलिमीटरला एच७ म्हणजे खाली शून्य, वर ०.०२१ मिलिमीटर, सगळी मोकळीक मिळून २१ मायक्रॉन. नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंटच, म्हणजे त्याने मोजता येणारं सगळ्यांत लहान माप, ०.०२, म्हणजे २० मायक्रॉन. ज्या साधनाची एक पायरी टॉलरन्सएवढीच आहे त्याने जॉब पास की फेल हे सांगताच येत नाही. बोअर गेज मास्टर रिंगवर नाहीतर मायक्रोमीटरवर शून्याला लावायचा, बोअरमध्ये हलवून सगळ्यांत कमी वाचन पकडायचं, वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, आणि दर ठिकाणी ९० अंशांत फिरवून दोनदा घ्यायचं. प्लग गेज दिला असेल तर गो बाजू जायला हवी, नो-गो अडायला हवी. सुपरवायझरला आकड्याइतकंच हे बघायचं असतं की हात आधी कुठल्या साधनाकडे जातो.

असा नकार दुरुस्त करता येतो, आणि तो दुरुस्त केल्याचं सांगताही येतं. उद्यमबागेतल्या जीटीटीसीमध्ये, म्हणजे गव्हर्नमेंट टूल रूम अँड ट्रेनिंग सेंटरमध्ये, टूल रूमशी संबंधित छोट्या मुदतीचे कोर्स चालतात. मापनसाधनं, सीएनसी प्रोग्रॅमिंग, कॅड. तिथे प्रत्यक्ष चौकशी करावी. कुठली बॅच कधी सुरू होते आणि मशीनवर प्रत्येकाला किती तास मिळतात, हे दोन प्रश्न आधी विचारा. फक्त स्क्रीनवर सिम्युलेटर दाखवणारा कोर्स, मग तो कुठलाही असो, ट्रायलला पुरत नाही. वर्क ऑफसेट जी५४ मध्ये घालणं (जॉबचा शून्यबिंदू मशीनला सांगणं), टूल झिजल्यावर ऑफसेट किती आणि कुठल्या दिशेने द्यायचा हे ठरवणं, पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रॅमची एकेक ओळ थांबत थांबत चालवून) काढणं, हे हाताने केल्याशिवाय भीती जात नाही.

मग त्याच कारखान्यात परत जावं. सकाळची पाळी सुरू होताना किंवा सुटताना जाऊ नये, तेव्हा कोणालाच वेळ नसतो. अकरा-साडेअकराचा सुमार बरा. सुपरवायझरना सांगायचं: “साहेब, मागच्या वेळी बोअर मोजताना चुकलो होतो. आता बोअर गेज सेट करायला शिकलोय. एकदा बघता का?” हे वाक्य छोट्या कारखान्यात कुठल्याही मेलपेक्षा जास्त चालतं, कारण चूक कोणती होती हे मुलाला कळलंय, हे त्यातून दिसतं.

खडे बाजार, रविवार पेठेतल्या दुकानांच्या हिशेबनीसाच्या जागांनाही हेच लागू. टॅली येतं म्हणणारे पुष्कळ असतात. जीएसटी मासिक भरणाऱ्याचं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेला आणि ३बी (कर भरण्याचं विवरणपत्र) २० तारखेला, खरेदीची बिलं २बीशी (पोर्टलवर तयार होणाऱ्या खरेदीच्या पत्रकाशी) जुळवायची, जुळलं नाही तर व्यापाऱ्याला फोन कोणी करायचा, इथे उमेदवार गळतात. दोन महिन्यांची बिलं घेऊन ही जुळवणी एकदा स्वतः करून पाहिली की उत्तर तोंडात येतं.

नोकरी डॉट कॉम

जिथे नकार मिळाला तिथे परत जायला याचा उपयोग नाही. त्याच तोडीच्या दुसऱ्या जागा शोधायला मात्र पुणे, बेंगळुरूच्या बाबतीत हे अजून सगळ्यांत भरीव आहे. भरतीवाले त्यांच्या बाजूने अनुभव, कौशल्य, शहर, पगार असे चाळणीचे रकाने भरून शोधतात, आणि उमेदवार अलीकडे कधी सक्रिय होता हाही त्यातला एक रकाना आहे. त्यामुळे सहा महिन्यांपूर्वी भरून ठेवलेलं प्रोफाइल उत्तम असूनही दिसत नाही. आठवड्यातून एकदा लॉगिन करून काहीतरी खरा बदल करावा: नवं कौशल्य, नवा बायोडेटा, अपेक्षित पगाराचा आकडा.

हेडलाइनला २५० अक्षरं मिळतात. त्यात ‘मेहनती, प्रामाणिक’ लिहून जागा घालवू नये. ‘डिप्लोमा मेकॅनिकल, २ वर्षं सीएनसी टर्निंग, फानुक, इन-प्रोसेस इन्स्पेक्शन, पुणे-कोल्हापूर चालेल’ असं लिहावं. पसंतीच्या शहरांत बेळगाव एकटंच ठेवलं तर पुण्याच्या चाळणीत तुम्ही येतच नाही. पैसे भरून बायोडेटा लिहून घेणं, प्रोफाइल वर दाखवणं वगैरे जोडसेवा आम्ही सुचवणार नाही. ट्रायलमध्ये किंवा तोंडी प्रश्नांत जे कमी पडलं ते त्याने भरून निघत नाही.

सरकारी सेवा

एनसीएस, म्हणजे नॅशनल करिअर सर्व्हिस, केंद्राच्या श्रम मंत्रालयाने जुलै २०१५ मध्ये सुरू केलेलं पोर्टल. नोंदणी फुकट, रोजगार मेळाव्यांच्या तारखा तिथे कळतात. टीसीएस आयऑनचा ‘करिअर एज – यंग प्रोफेशनल’ हा १५ दिवसांचा मोफत कोर्स पहिल्यांदाच मुलाखत देणाऱ्यांना बरा आहे. अनुभवी माणसाला त्यात नवं फार नाही.

याहून मोलाची वाट म्हणजे अप्रेंटिसशिप. ज्या कंपनीने कायम पदासाठी नाकारलं, तीच अप्रेंटिस म्हणून घ्यायला तयार असू शकते, कारण तिची जोखीम कमी असते. साधारण वर्षभर तिथे काम केलं की पुढची मुलाखत ओळखीच्या लोकांसमोर होते. पदवी-डिप्लोमावाल्यांसाठी नॅट्स (नॅशनल अप्रेंटिसशिप ट्रेनिंग स्कीम) पोर्टल, आयटीआयवाल्यांसाठी बहुतेक करून नॅप्स (नॅशनल अप्रेंटिसशिप प्रमोशन स्कीम). कर्नाटकातल्या कंपन्या नॅट्समध्ये चेन्नईच्या मंडळाखाली येतात, कोल्हापूर-पुण्याच्या मुंबईच्या. काही अडलं तर पत्रव्यवहार कोणाशी करायचा ते यावरून ठरतं.

मधल्या काळातल्या खर्चासाठी कर्नाटक सरकारची युवानिधी योजना आहे: पदवीधराला महिन्याला ३,००० रुपये, डिप्लोमाधारकाला १,५००, जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि शिक्षण संपल्यावर १८० दिवस नोकरी नसेल तर. अर्ज कर्नाटक सरकारच्या सेवासिंधू पोर्टलवरून. सीमाभागात यात एक खाच आहे. कर्नाटकात किमान सहा वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. निपाणी-चिकोडीकडची जी मुलं लहानपणापासून कोल्हापूर जिल्ह्यात शिकली त्यांनी कागद आधी तपासून घ्यावेत. अप्रेंटिसशिपचं वेतन सुरू झालं की हा भत्ता घेता येत नाही. नोकरी नसल्याचं स्वयंघोषणापत्र मुदतीत भरलं नाही तर पैसे थांबतात.

महाराष्ट्र सरकारच्या भरतीसाठी महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना १५ वर्षं वास्तव्याच्या दाखल्यावर अर्ज करता येतो. सरकारी भरतीत अनेकदा प्रतीक्षायादी असते. यादी जाहीर झाली की तिची मुदत वहीत लिहून ठेवावी. स्वतःचे गुण कळवले नसतील तर माहिती अधिकारात मागता येतात, उत्तराची मुदत ३० दिवस.

टेलिमानस, १४४१६

ही नोकरीची सेवा नाही, तरी या परीक्षणात तिला जागा हवीच. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा: फुकट, चोवीस तास. सुरुवातीला भाषा निवडायला सांगतात, तिथे मराठी आहे. आपल्या दुःखाबद्दल आपल्या भाषेत बोलता येणं याचं मोल सीमाभागात वेगळं सांगायला नको. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतात.

कधी फोन करावा? नकारानंतर चार-आठ दिवस जेवण, झोप बिघडणं, लोकांना टाळणं हे बहुतेकांचं होतं आणि आपोआप सावरतं. दोन आठवडे झाले तरी झोप लागत नाही, कशातच मन रमत नाही, अर्जाचा फॉर्म उघडला तरी हात चालत नाही, तर फोन करावा. आणि जगण्यात अर्थ नाही असा विचार मनात आला तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच क्षणी करायचा. घरच्यांनाही या नंबरवर फोन करून सल्ला घेता येतो. ‘शेजारच्या पोराला लागली, तुला का नाही?’ हे वाक्य घरात ज्या आठवड्यात निघतं, त्या आठवड्यात आई-वडिलांपैकी कोणीतरी हा नंबर फिरवलेला चांगला. सेवेच्या मर्यादाही आहेत: दर वेळी तोच समुपदेशक मिळेल असं नाही, आणि फोनवरचं बोलणं हे उपचार नव्हेत. सलग उपचार लागणार असतील तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावं लागतं.

पैसे मागणारे

नकार मिळालेला माणूस ‘तुमचं नाव वेटिंगला आहे’ या शब्दांना सगळ्यांत लवकर फसतो, आणि फसवणाऱ्यांना हे माहीत आहे. पोर्टलवर नंबर उघडा ठेवला की असे फोन येतात: कंपनीचं नाव खरं, लेटरहेड खरं वाटणारं, आणि मागणी १,५०० ते ५,००० रुपयांची. कधी लॅपटॉपची अनामत, कधी पडताळणीची फी, कधी गणवेश. नोकरी देणारी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. मेल कुठून आला ते ‘@’च्या पुढे बघायचं, कंपनीच्या नावाचा जीमेल पत्ता असेल तर मुलाखतीला ज्यांनी बोलावलं होतं त्यांनाच त्यांच्या मूळ नंबरवर फोन करून विचारायचं. टेलिग्राम ग्रुपमध्ये घालून ‘टास्क’ देणारे सगळेच यातले.

पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा, मग सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. सोबत यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा संदर्भ नंबर, ज्या यूपीआयवर पैसे गेले ते नाव आणि चॅटचे स्क्रीनशॉट लागतात. चॅट पुसू नका, नंबर ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या.